भाता मोठा की भट्टी मोठी?

मोटारीच्या इंजिनाची ताकद वाढवायची असेल, तर आहे त्याच इंजिनात जास्त हवा कोंबावी, की ते काढून त्या जागी मोठे इंजिन बसवावे? कॅलिफोर्नियात नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मध्यंतरी हा प्रश्न विचारला. त्याच्याकडे १९९० सालची माझदा मियाटा ही दोन आसनी, लहानखुरी गाडी आहे. तिकडे हौशी लोक अशा गाड्यांवर नाना प्रयोग करतात. पण याची अडचण अशी, की ही त्याची हौसेची दुसरी गाडी नव्हे. याच गाडीने त्याला रोज कामावर जायचे असते. गाडी एक दिवस रुसली तर एका दिवसाचे काम बुडणार. त्यामुळे प्रश्न केवळ ताकदीचा राहत नाही.

वर्गात शिकवण्याच्या दृष्टीने हा प्रश्न मोलाचा आहे. आदर्श वायूचे समीकरण, ज्वलनाचे रासायनिक समीकरण आणि ऊर्जेचा हिशेब, हे तिन्ही त्यात एकदम उपयोगी पडतात. शिवाय त्यासाठी दहावीच्या पलीकडचे गणित लागत नाही.

लोहाराची भट्टी आपण पाहिलेली असते. भट्टीत कोळसा कितीही टाका, भाता चालल्याशिवाय धग वाढत नाही. पेट्रोल इंजिनाचेही तसेच आहे. पेट्रोल हवे तेवढे देता येते. हवा मात्र सिलिंडरात मावेल तेवढीच शिरते. ऑक्टेनचे ज्वलन फळ्यावर मांडून पाहा. ११४ ग्रॅम ऑक्टेनला ४०० ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि हवेत वजनाने ऑक्सिजन सुमारे २३ टक्के असतो. म्हणजे एक ग्रॅम पेट्रोल जाळायला जवळजवळ १५ ग्रॅम हवा हवी. इंजिन हा मुळात हवेचा पंप आहे असे समजले, तर पुढचे सगळे सोपे होते.

आता मियाटाचा हिशेब करू. इंजिन १.६ लिटरचे, चार फेऱ्यांचे. म्हणून क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांत ते एकदा भरते. मिनिटाला ६५०० फेरे असताना ते मिनिटाला ५२०० लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ८७ लिटर हवा ओढेल. लिटरला १.२ ग्रॅम या घनतेने हे १०४ ग्रॅम होतात. झडपांमधून येताना हवा थोडी अडते, म्हणून ९० टक्केच भरली असे धरू. ९४ ग्रॅम हवेला साधारण ६.२ ग्रॅम पेट्रोल लागते. ग्रॅमला ४४ किलोज्यूल याप्रमाणे सेकंदाला सुमारे २७५ किलोज्यूल, अर्थात २७५ किलोवॅट मिळाले. त्यातला ३० टक्के भाग चाकांच्या दिशेने जातो असे मानले तर ८२ किलोवॅट, म्हणजे ११० अश्वशक्ती होते. कंपनीने या इंजिनाची ताकद ११६ अश्वशक्ती सांगितली होती. इतक्या ढोबळ हिशेबातून एवढे जवळचे उत्तर यावे, याचा आनंद विद्यार्थ्यांना जरूर घेऊ द्यावा.

या हिशेबातच ताकद वाढवण्याच्या वाटा दिसतात. फेरे वाढवा, सिलिंडरचे आकारमान वाढवा, किंवा हवेची घनता वाढवा. पहिल्या वाटेने रोजच्या गाडीचे भले होत नाही. दुसरी वाट म्हणजे मोठे इंजिन आणि तिसरी म्हणजे सुपरचार्जर.

सुपरचार्जर हा इंजिनाच्याच पट्ट्यावर चालणारा हवेचा भाता. त्यातला रूट्स जातीचा प्रकार तर खरोखरच भट्टीकडून आला आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी तो एकोणिसाव्या शतकात तयार केला आणि लोखंडाच्या झोतभट्ट्यांना हवा पुरवण्यासाठी तो वापरला जाऊ लागला. पुढे उंचावरच्या विरळ हवेत विमानाची इंजिने धापा टाकू नयेत म्हणून सुपरचार्जरला महत्त्व आले. विक्रीच्या मोटारीत तो आणला मर्सिडीजने, १९२१ च्या सुमारास. (टर्बोचार्जरचे कामही हेच, फक्त तो पट्ट्याऐवजी बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. त्याचा विचार इथे करत नाही.)

समजा, सुपरचार्जरने हवेचा दाब ४० टक्क्यांनी वाढवला. मग ताकदही ४० टक्क्यांनी वाढेल, असे सहज वाटते. इथेच बहुतेकांची गफलत होते. सायकलचा पंप घ्या, तोंडावर बोट धरा आणि दहा-बारा वेळा जोराने दाबा. पंपाचे टोक गरम लागते. दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा पुन्हा विरळ होते. घनता दाबाच्या सम प्रमाणात आणि निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे समीकरण आपण शिकवतोच.

३० अंश सेल्सिअसची, म्हणजे ३०३ केल्व्हिनची हवा १.४ पट दाबली, तर अगदी आदर्श यंत्रातही ती सुमारे ३१ अंशांनी तापते. रूट्स यंत्र आदर्श नाही. त्याची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर वाढ ५६ अंशांची होते आणि हवा ३५९ केल्व्हिनला पोचते. घनता किती वाढली? १.४ गुणिले ३०३, भागिले ३५९, उत्तर १.१८. चाळीस टक्क्यांचे अठराच टक्के उरले! हीच हवा वाटेत इंटरकूलरमधून, म्हणजे हवा गार करणाऱ्या रेडिएटरमधून नेऊन ५० अंशांवर आणली, तर घनता १.३१ पट होते. यंत्रापेक्षा त्याच्या पुढचा हा रेडिएटर अधिक मोलाचा आहे, असे माझे मत या आकड्यांमुळेच आहे.

हा भाता फुकट चालत नाही. सेकंदाला ११० ग्रॅम हवा ५६ अंशांनी तापवायला सहा किलोवॅटच्या वर, म्हणजे आठ अश्वशक्ती लागते. ती क्रँकशाफ्टकडूनच घेतली जाते. त्यातला काही भाग परत मिळतो, कारण हवा आत येताना दाबाने दट्ट्याला खाली ढकलते. सगळी वजाबाकी करून, इंटरकूलर असेल तर तीसेक अश्वशक्तीचा लाभ होईल. नसेल तर पंधरा-वीस.

गरम हवेचा दुसरा परिणाम अधिक घातक आहे. या इंजिनात हवा ९.४ पट दाबली जाते. दाबण्याच्या शेवटी तिचे निरपेक्ष तापमान साधारण २.२ पट होते. ३०३ केल्व्हिनने सुरू झालेली हवा सुमारे ३९० अंश सेल्सिअसला पोचते. ३५९ ने सुरू झालेली ५१० च्या पुढे जाते. सुरुवातीचा ५६ अंशांचा फरक शेवटी १२० अंशांवर गेला. मग ठिणगीने सुरू झालेली ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेट घेते. यालाच इंजिन ‘नॉक’ करते असे मेकॅनिक म्हणतात. आवाज खडखडाटाचा येतो आणि तो चालू राहिला तर दट्ट्याचे कडे तुटते किंवा दट्ट्यालाच भोक पडते. ठिणगी थोडी उशिरा पाडणे, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल वापरणे, हवा गार करणे हे यावरचे उपाय. जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोलही पोचले पाहिजे. १९९० च्या मियाटात येणारी हवा एका हलणाऱ्या झडपेवरून मोजली जाते आणि पेट्रोलच्या पिचकाऱ्या मूळच्या ताकदीपुरत्याच बेतलेल्या आहेत. तेव्हा पेट्रोलची आणि ठिणगीची नीट सोय न करता नुसता भाता बसवणे म्हणजे इंजिनाशी वैर धरणे होय.

आता मोठ्या इंजिनाकडे वळू. मियाटात फोर्डचे पाच लिटरचे आठ सिलिंडरवाले इंजिन बसवण्याची पद्धत अमेरिकेत चांगली रुळलेली आहे. हे इंजिन १९८७ ते १९९२ या काळातल्या मस्टँग गाडीत २२५ अश्वशक्ती देत असे. हवा तीनपट मावते, त्यामुळे दाबाची किंवा उष्णतेची कसरत करावी लागत नाही. इंजिन आरामात चालते. हा मुद्दा खरा आहे आणि तो कमी लेखू नये.

पण गाडी म्हणजे एक साखळी आहे. मियाटाच्या मूळ इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, १३६ न्यूटन-मीटरच्या आसपास. या नव्या इंजिनाचा ४०० च्या आसपास. तिप्पट पीळ आला की गिअरबॉक्स बदलावी लागते. मागच्या धुरीवरचा डिफरन्शिअल तर १.६ लिटरच्या गाड्यांत मुळातच नाजूक असतो. तोही दुसऱ्या मोठ्या गाडीचा आणावा लागतो. मग दांडा, ब्रेक, रेडिएटर, पुढच्या स्प्रिंगा, वायरिंग. इंधनातील जवळजवळ तिसरा हिस्सा उष्णतेच्या रूपाने रेडिएटरमधून बाहेर टाकायचा असतो, आणि उन्हाळ्यात वाहतूक तुंबलेली असताना लहान गाडीच्या नाकाएवढ्या जागेतून तो टाकणे सोपे नाही. इंजिनाची किंमत हा या खर्चाचा लहान भाग असतो. महिनोन् महिने गाडी उघडी पडून राहते, ते वेगळेच. आणि रोज कामावर जाणाऱ्याला तेच सर्वांत महाग पडते.

याहून महत्त्वाचा मुद्दा रोजच्या चालवण्याचा आहे. सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने जाताना मियाटाला हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण मिळून सुमारे ७ किलोवॅट, म्हणजे दहापेक्षा कमी अश्वशक्ती लागते. ११६ पैकी दहा! बाकीची ताकद बहुतेक वेळ झोपलेली असते. अशा वेळी इंजिन स्वतःच्याच घर्षणावर किती खर्च करते हे पाहावे. हा खर्च स्थूलमानाने आकारमान आणि फेरे यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. १.६ लिटरचे इंजिन मिनिटाला २६०० फेऱ्यांनी चालले तर साडेतीन किलोवॅट जातात. पाच लिटरचे इंजिन लांब गिअरमुळे १६५० फेऱ्यांवर चालले, तरी साडेसहा ते सात. म्हणजे तेवढेच अंतर तोडायला मोठे इंजिन तीसएक टक्के जास्त पेट्रोल पिणार. सुपरचार्जरला मात्र बगल देणारी झडप असते. पाय हलका ठेवला की हवा यंत्राभोवतीच फिरते आणि भाता जवळजवळ रिकामा चालतो. मोठी भट्टी रोज पेटती ठेवावी लागते. भाता हवा तेव्हाच मारता येतो.

कायद्याचीही बाजू आहे. कॅलिफोर्नियात धुराची तपासणी कडक असते. तिथल्या हवा संसाधन मंडळाने मान्यतेचा आदेश-क्रमांक दिलेला सुपरचार्जरच रस्त्यावरच्या गाडीला चालतो. इंजिन बदलायचे तर ते गाडीच्याच सालचे किंवा त्यानंतरचे हवे, त्याची धूर शुद्ध करणारी सगळी सामग्री सोबत हवी आणि खास तपासनीसाकडून पसंतीची चिठ्ठी हवी. ही अट मला रास्त वाटते.

मी त्याला काय सांगितले? निवड करण्याआधी चारही सिलिंडरांचा दाब मोजून घे. एका सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून कमी असेल, किंवा इंजिन तेल खात असेल, तर सुपरचार्जरचा विचार सोडून दे. पस्तीस वर्षांच्या थकलेल्या इंजिनावर भाता बसवला तर जे चार वर्षांनी व्हायचे ते चार महिन्यांत होईल. अशा वेळी इंजिन बदलणेच योग्य; पण आठ सिलिंडरचे नव्हे. माझदाने १९९४ पासून याच गाडीत त्याच घराण्याचे १.८ लिटरचे, १२८ अश्वशक्तीचे इंजिन घातले. ते त्याच जागी बसते, आणि त्याच सालच्या गाडीचा दणकट डिफरन्शिअलही सोबत घेता येतो. लाभ दहा टक्क्यांचाच, पण गाडी सकाळी चालू होईल. दाब सारखे आणि चांगले आले, तर मान्यताप्राप्त सुपरचार्जर बसवावा, दाब ४० टक्क्यांच्या आतच ठेवावा, इंटरकूलर टाळू नये, आणि नाजूक डिफरन्शिअल लक्षात ठेवून सिग्नलवरून उडी मारण्याचा मोह आवरावा. त्याने अजून दाब मोजलेला नाही. दिवाळीच्या सुटीत मोजणार म्हणतो.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या ठिकाणी अडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ पुन्हा स्पष्ट केला. सीएनजीच्या मान्यताप्राप्त संचासारखे काही अपवाद कायद्यातच आहेत. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो, त्यामुळे तसलेच इंजिन बदलायचे असले तरी आधी परिवहन कार्यालयात जाऊन विचारावे लागते.