पाचव्या चाकावरचे घर

अमेरिकेत व कॅनडात स्थायिक झालेल्या मुलाबाळांकडून हल्ली जी छायाचित्रे आपल्या घरी येतात, त्यांत एक वाहन अधूनमधून दृष्टीस पडते. पुढे दणकट पिकअप ट्रक, त्याच्या उघड्या हौद्यात पुढचे टोक टेकविलेले चाळीस-बेचाळीस फूट लांबीचे एक घर, आणि त्या घराची पाठीमागची सबंध भिंत फाळक्यासारखी खाली पाडून तिचाच केलेला उतार. त्या उतारावरून मोटारसायकली आणि वाळूत धावणाऱ्या चारचाकी गाड्या घराबाहेर येत असतात. या वाहनास तिकडे ‘टॉय हॉलर’, म्हणजे खेळणी वाहणारी गाडी, असे लाडके नाव आहे. ते ऐकून आजी-आजोबांस कौतुक वाटावे हे साहजिकच होय. परंतु हे खेळणे भरले म्हणजे आठ-नऊ टनांचे होते, महामार्गावर तासाला पन्नास-साठ मैलांच्या वेगाने धावते, आणि पुढच्या ट्रकमध्ये आपलीच नातवंडे बसलेली असतात. तेव्हा कौतुकाच्या जोडीला थोडी माहितीही असावी, या हेतूने आम्ही हे लिहीत आहोत. ज्यांची मुले असे वाहन घेण्याच्या विचारात आहेत त्यांनी हा मजकूर त्यांस अवश्य कळवावा.

‘पाचवे चाक’ हे नाव घोडागाड्यांच्या काळातले आहे. चारचाकी गाडीचा पुढचा आस वळता यावा म्हणून आस आणि गाडीची चौकट यांच्यामध्ये एक आडवे वर्तुळाकार कडे बसवीत असत. तेच पाचवे चाक. १९१४ साली डेट्रॉइट येथील ऑगस्ट फ्रुहॉफ नावाच्या लोहाराने एका लाकूडव्यापाऱ्यास त्याची होडी फोर्ड मोटारीमागे ओढून नेण्यासाठी एक जोडगाडी बांधून दिली, आणि त्यातूनच पुढे मालवाहू ट्रेलरांचा प्रचंड धंदा उभा राहिला. म्हणजे मौज अशी की, या वाहनाच्या वंशावळीत मुळाशीच एक खेळणे आहे! आजच्या घरगाडीच्या पुढच्या टोकाखाली दोन इंच व्यासाची एक पोलादी खुंटी असते. तिला किंगपिन म्हणतात. ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या जवळजवळ माथ्यावर, एक तबकडी बसविलेली असते. तिच्या जबड्यात ही खुंटी अडकते. मोटारीच्या शेपटाला लटकविलेल्या ट्रेलरपेक्षा ही जोडणी पुष्कळ स्थिर असते, कारण ओझे ट्रकच्या मागे न राहता त्याच्या पाठीवर बसते.

मात्र पाठीवर बसलेले ओझे पाठीने पेलावे लागते, आणि पहिली फसगत होते ती येथेच. जाहिरातीत ट्रक किती पौंड ‘ओढू’ शकतो हे ठळक अक्षरांत छापलेले असते. आजचे सर्वांत बलवान पिकअप पस्तीस-चाळीस हजार पौंड ओढतात म्हणून सांगतात, व ते खोटेही नसते. पण ट्रक आपल्या पाठीवर किती घेऊ शकतो हा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या एका लहानशा पट्टीवर असतो, आणि तो वाचण्यासाठी कोणी वाकत नाही.

एक उदाहरण घेऊ. भरलेले घर १८,००० पौंडांचे आहे. अशा घराच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा, कित्येकदा त्याहून अधिक, किंगपिनवर येतो. आपण २२ टक्के धरू. म्हणजे सुमारे ३,९६० पौंड. मागे चार चाके असलेल्या मोठ्या ट्रकचे कमाल भरलेले वजन १४,००० पौंड, आणि डिझेल इंजिनासह तो रिकामा असता सुमारे ८,५०० पौंड भरतो. शिल्लक राहिले ५,५००. त्यातून तबकडीचे दोनशे, चार माणसांचे सहाशे आणि अवजारे-सामानाचे दोनशे वजा जाता साडेचार हजार उरतात. हिशेब जमला. आता तेच घर त्याच्याहून एक पायरी लहान अशा ट्रकमागे लावा, ज्याची मर्यादा १०,००० पौंड व स्वतःचे वजन साडेसात हजार आहे. तबकडी, माणसे आणि सामान धरून पाठीवर जागा उरते अवघी दीड हजार पौंडांची, आणि वर येऊन बसतात जवळजवळ चार हजार! इंजिन तक्रार करणार नाही. ते बिचारे ओढीत राहील. दबतील ते मागचे पाटे, टायर आणि आस. आणि पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगची पकड कमी होईल. विक्रेता म्हणतो, “खुशाल न्या, ओढतो की!” या ‘ओढतो की’वर विश्वासून किती कुटुंबे रस्त्यावर आहेत हे पाहून मन अस्वस्थ होते.

खेळणी वाहणाऱ्या गाडीत आणखी एक पेच आहे, जो साध्या घरगाडीत नाही. आपल्याकडील जुना गाडीवान तो चटकन ओळखील. बैलगाडीत मागे जास्त ओझे भरले की गाडी उलाळ होते, पुढे जास्त भरले की धुरजड होते. टॉय हॉलरचे गॅरेज अगदी पाठीमागे, चाकांच्या आसांपलीकडे असते. समजा, १,८०० पौंडांची चारचाकी आसांच्या दहा फूट मागे उभी केली आणि किंगपिन आसांच्या सव्वीस फूट पुढे आहे. तरफेच्या नियमाने किंगपिनवरचे सुमारे ६९० पौंड उचलले जातात. ट्रकची पाठ हलकी झाली म्हणून मालकाला बरे वाटते. पण ते ६९० पौंड हवेत विरत नाहीत, तेही आसांवरच येतात. म्हणजे १,८०० पौंडांच्या गाडीने घराच्या आसांवर जवळजवळ अडीच हजार पौंड वाढविले. उलट गॅरेज रिकामे ठेवून प्रवास केला तर सगळा भार पुढे सरकून ट्रकवर येतो. म्हणून असे घर रिकामे असतानाच ट्रकला अधिक जड लागते, हे ऐकून नवखा माणूस चकित होतो. त्यात पाण्याची टाकी. शंभर गॅलन पाणी ८३४ पौंडांचे होते. ती टाकी आसांच्या पुढे आहे की मागे, हे घर विकत घेण्यापूर्वी विचारावे.

आता सुधारणांकडे वळू. असे घर घेतले की वर्षभरात मालकाचे हात शिवशिवू लागतात. छतावर सौर पट्ट्या येतात, शिशाच्या बॅटऱ्या जाऊन लिथियमच्या येतात, मोठा दूरचित्रवाणी संच, मऊ कोच, दुसरे वातानुकूलन यंत्र. यांतील लिथियमच्या बॅटरीबद्दल आमची तक्रार नाही. ती वजनाने निम्मी असून तिच्यातील जवळजवळ सगळी वीज वापरता येते, आणि ॲरिझोनातील क्वार्टझसाइट किंवा कॅलिफोर्नियातील ग्लॅमिसच्या वाळूत, जेथे विजेचा खांब नाही, तेथे तिचे मोल कळते. पण प्रत्येक नवी सोय पौंडांत मोजली जाते, आणि घराखालची चाके मात्र कारखान्यातून आली तशीच राहतात. आमच्या मते पहिला डॉलर जमिनीलगत खर्च करावा.

आधी टायर. पुष्कळ घरांखाली सात हजार पौंडांचे आस असतात; म्हणजे पूर्ण भार असता प्रत्येक टायरवर साडेतीन हजार. आणि कारखाना जे ‘ई’ प्रतीचे सोळा इंची टायर पुष्कळदा देतो त्यांची कमाल ताकद, ८० पौंड हवा असताना, साडेतीन हजारांच्याच आसपास असते. शिलकीला काही नाही. स्वयंपाकघर, शीतकपाट आणि बाहेर सरकणारी खोली एकाच बाजूस असली तर त्या बाजूचा टायर मर्यादेपलीकडे गेलाच म्हणून समजा. हवा थोडी कमी, ऊन कडक, वेग जास्त, एवढे जुळले की टायर फुटतो. आणि फुटताना त्याचा पट्टा चाबकासारखा फिरून वरच्या लादीतील वायरी व नळ्या फाडून काढतो. ‘जी’ प्रतीचे टायर ११० पौंड हवेवर चार हजारांहून अधिक पौंड पेलतात. पण येथे एक सावधगिरी हवी: ११० पौंडांची हवा सोसणारी रिम आणि वॉल्व्हही त्याच ताकदीचे असले पाहिजेत, नुसता टायर बदलून भागत नाही. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. नक्षी नवी कोरी दिसली तरी टायर म्हातारा असू शकतो.

मग पाटे ज्या कड्यांवर झुलतात ती कडी. त्यांत स्वस्ताईसाठी प्लास्टिकचे बुश घातलेले असतात. ते झिजले की बोल्ट कड्याचे भोक कुरतडू लागतो, भोक लांबट होते, आणि एके दिवशी आस जागचा सरकतो. त्याऐवजी ब्राँझचे बुश, ग्रीस भरता येणारे बोल्ट आणि जाड कडी बसवून घेता येतात. हा खर्च त्या दूरचित्रवाणी संचाहून कमी असतो, पण पाहुण्यांना तो दिसत नाही, म्हणून मागे पडतो. याहून पुढे जाऊन पाटे काढून रबरावर तोललेली स्वतंत्र चाके, किंवा आठ हजार पौंडांचे आस घालणारेही आहेत. उत्तम आहे, परंतु आस बळकट केल्याने घराची ठरलेली मर्यादा वाढत नाही. सांगाडा, जोडणी आणि ट्रक आहेत तेच राहतात. नव्या आसांच्या भरवशावर दुसरी चारचाकी आत चढविणे म्हणजे दोरखंड जाड झाला म्हणून जुन्या रहाटावर दुप्पट मोट लावण्यासारखे आहे.

सर्वांत अधिक विचार ब्रेकचा व्हावा. कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे आणि तेथून सुमारे साठ मैलांवरील डेन्व्हर शहर ५,२८० फुटांवर. ट्रक आणि घर मिळून २८,००० पौंडांचा हा संसार तेवढा खाली उतरताना जी शक्ती मोकळी होते, ती सातशे लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी असते. तिचा काही भाग वारा खातो, काही इंजिन; उरलेली सगळी ब्रेकच्या वाट्यास येते. विजेच्या चुंबकावर चालणारे ड्रम-ब्रेक, जे बहुतेक घरांस मिळतात, ते तापले की ड्रम प्रसरण पावून आतल्या पट्ट्यांपासून दूर जातो. पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. डिस्क-ब्रेकमध्ये हा दोष नाही. त्यासाठी विजेवर चालणारा एक पंप तेलाला चौरस इंचास सुमारे १,६०० पौंडांचा दाब देतो व चकत्या आवळल्या जातात. खर्च काही हजार डॉलर येतो. सर्व सुधारणांत महागडी असूनही आम्ही हीच पहिल्या पंक्तीस बसवू. अर्थात ब्रेक कितीही उत्तम असला तरी ‘ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा’ हा अनमोड घाटातील एस. टी. चालकाचा नियम कोलोरॅडोतही चालतो. डिझेल ट्रकमध्ये धूर कोंडून इंजिनालाच लगाम घालणारा ब्रेक असतो. तो उतार सुरू होण्यापूर्वी लावावा, वेग वाढल्यावर नव्हे. तिकडच्या मोठ्या घाटांत रस्त्याच्या कडेला खडीचे चढते फाटे काढून ठेवलेले दिसतात. ब्रेक गेलेली वाहने रुतून थांबावीत म्हणून ते केलेले आहेत.

कायद्याचे एक उदाहरण येथेच सांगून टाकतो. कॅलिफोर्नियात अशा घराची ठरलेली मर्यादा १५,००० पौंडांहून अधिक असेल तर साधा मोटारीचा परवाना पुरत नाही, वरच्या वर्गाची परीक्षा द्यावी लागते. आणि काहीही ओढणाऱ्या वाहनास ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. प्रत्येक राज्याचा नियम निराळा असल्याने आपापल्या राज्याचा पाहून घ्यावा.

कागदावरचे हे सगळे हिशेब अखेर वजनकाट्यावर तपासावे लागतात. महामार्गावरील ट्रक थांब्यांवर काटे असतात. मालवाहू ट्रकांप्रमाणे घरगाडीवाल्यांनाही थोड्याशा डॉलरांत वजन करून मिळते. पुढचा आस, मागचा आस आणि घराचे आस, अशी तीन वजने एकाच पावतीवर येतात. मग घर सोडून नुसता ट्रक एकदा तोलावा. दोन्ही पावत्यांतील ट्रकच्या वजनाचा फरक म्हणजे किंगपिनवरचे खरे ओझे. टाकी भरलेली, गॅरेज भरलेले, माणसे बसलेली, अशा प्रवासाच्या वेशातच हे वजन करावे.

जोडणी करताना एक अपघात वारंवार घडतो. खुंटी जबड्यात न शिरता तबकडीच्या माथ्यावरच बसते. वरून पाहता सारे ठीक दिसते. ट्रक पुढे निघाला की घर हौद्याच्या काठांवर आदळते. म्हणून जबडा मिटला की नाही हे वाकून, दिव्याच्या उजेडात पाहावे, आणि घराचे पाय पूर्ण उचलण्यापूर्वी घराचे ब्रेक हाताने लावून ट्रक हलकेच पुढे ओढून बघावा. मुलांस तेवढा वेळ दूर उभे करावे.

राहता राहिली रात्र. या घरांत पुष्कळदा गॅरेजच्याच छतातून खाली उतरणाऱ्या खाटा असतात. दिवसा जेथे मोटारसायकली उभ्या, तेथेच रात्री मुले निजतात. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने लादीलगत साचते. याशिवाय वीज निर्माण करणारे यंत्र घराच्याच पोटात चालू असते, आणि त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नाही, रंग नाही. यंत्र बंद करूनच निजावे, वाहने बाहेर काढून दार थोडा वेळ उघडे ठेवावे, आणि वायूची सूचना देणारे उपकरण गॅरेजच्या भागातही असावे. या उपकरणाचे आयुष्य थोड्या वर्षांचेच असते व ते कधी बदलावे याची तारीख त्याच्या पाठीवर छापलेली असते. घर जुने घेतले असेल तर पहिल्याच संध्याकाळी ते भिंतीवरून काढून ही तारीख वाचावी.