झोपडपट्टी सुधारणा, पुण्यातील

अपुऱ्या सोयींनिशी व बहुधा अनधिकृत जागेवर वाढलेल्या वस्तीस पाणी, गटारे, शौचालये, फरसबंद वाटा व दिवे पुरविणे, तसेच तेथील कुटुंबांना परवडणारे टिकाऊ घर सार्वजनिक खर्चातून मिळवून देणे, यांचा अंतर्भाव झोपडपट्टी सुधारणेत होतो. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे महानगरपालिकेच्या हद्दीतील सुमारे २२ टक्के लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. महानगरपालिकेच्या दस्तऐवजांत मात्र हे प्रमाण सुमारे ४० टक्के दिलेले आढळते. जनगणनेत किमान ६०-७० कुटुंबांची सलग वस्तीच धरली जात असल्याने लहान वस्त्या तीतून सुटतात.

पूर्वपीठिका : १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व त्यापाठोपाठ खडकवासला धरण फुटून नदीकाठची घरे वाहून गेली. पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर इ. वसाहती वसविण्यात आल्या. सरकारी खर्चातून मोठ्या प्रमाणावर निवारा देण्याचा शहरातील हा प्रारंभीचा प्रयत्न होय. पुढे पिंपरी-चिंचवड परिसरातील कारखानदारी व १९७२ चा दुष्काळ यांमुळे स्थलांतर वाढले. कामाजवळ राहण्याची निकड असलेल्या कुटुंबांनी ओढ्यांचे काठ, कालव्याच्या कडा व टेकड्यांचे उतार व्यापले. पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहत व आंबिल ओढ्यालगतची दांडेकर पूल वस्ती ही याची ठळक उदाहरणे होत.

कायदा व निधी : महाराष्ट्र झोपडपट्टी (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम, १९७१ अन्वये सक्षम प्राधिकारी एखादे क्षेत्र झोपडपट्टी म्हणून घोषित करतो व त्याच्या लेखी परवानगीवाचून तेथील भोगवटादारास निष्कासित करता येत नाही. १९७२ मध्ये केंद्र शासनाने पर्यावरण सुधारणेची योजना सुरू केली. ती १९७४ मध्ये राज्यांकडे सोपविण्यात आली. १९७७ मध्ये महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण (म्हाडा) स्थापन झाले. या टप्प्यात खर्च सामाईक सोयींवर होत असे. जमिनीची मालकी रहिवाशांकडे येत नसे. त्यामुळे नळ व दिवे आले, तरी घर पक्के करण्यासाठी कर्ज मिळणे अवघडच राहिले.

सोयींची देखभाल हा दुसरा प्रश्न होता. ठेकेदाराने बांधलेली सार्वजनिक शौचालये पाणी व स्वच्छता यांअभावी लवकर निकामी होत. १९९९ पासून महानगरपालिकेने बांधकामाचा खर्च स्वतः करून उभारणी व देखभाल यांसाठी स्वयंसेवी संस्थांना पाचारण केले. वस्तीतील कुटुंबांकडून मासिक वर्गणी घेऊन राखणदार नेमण्याची पद्धत यातून रूढ झाली.

घरबांधणी : २००५ मध्ये आरंभलेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाखाली येरवड्यातील काही वस्त्यांत कच्ची घरे पाडून त्याच जागी सुमारे २५ चौ. मी. क्षेत्राची पक्की घरे बांधण्यात आली. रहिवाशांनी खर्चाचा सुमारे दहावा भाग उचलला. महिला मिलनसारख्या संघटनांचा सहभाग होता. वस्तीतील वाटा व शेजार बहुतांशी तसाच राहिला, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. याउलट हडपसर व वारजे येथे बहुमजली इमारतींत घरे देण्यात आली.

२००५ मध्येच पुणे व पिंपरी-चिंचवडसाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. या योजनेत विकसक पात्र कुटुंबांना विनामूल्य घरे बांधून देतो व मोबदल्यात मिळणारे वाढीव बांधकाम हक्क विकून खर्च भागवितो. साहजिकच जमीन महाग असेल तेथे योजना मार्गी लागते. टेकडीउतार व ओढ्याकाठच्या वस्त्या मागे पडतात. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत भागीदारीतील घरांसाठी केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख रुपये अनुदान ठरले. उर्वरित रक्कम लाभार्थ्याने भरावयाची असल्याने अनियमित मिळकतीच्या कुटुंबांस कर्ज मिळविणे कठीण जाते.

मूल्यमापन : २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजवा कालवा फुटून दांडेकर पूल वस्तीत पाणी शिरले व २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यास पूर आला. अशा धोक्याच्या जागी आहे तेथेच सुधारणा पुरेशी ठरत नाही. परंतु पुनर्वसन दूर झाल्यास धुणीभांडी, हमाली, फेरीविक्री यांवर जगणाऱ्यांचा प्रवासखर्च वाढून रोजगार तुटतो. म्हणूनच पुण्यात घराचे क्षेत्रफळ व अनुदान यांइतकेच जागेची सुरक्षितता व कामाचे सान्निध्य हे सुधारणेचे निकष मानणे अगत्याचे ठरते.