पॅकेज चांगलं, तरी मुलाचं दिल का लागत नाही?

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ईदला कामठीला आला तेव्हा म्हणाला, "सर, सकाळी लॅपटॉप उघडावासाच वाटत नाही." अम्मीचं म्हणणं, एसीत बसून कसला कंटाळा! पगारही वाढला होता. खोदून विचारलं तेव्हा कळलं, आठ महिने खपून केलेलं काम कंपनीने बंद केलं, का ते कोणी सांगितलं नाही. आता नुसत्या दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करायच्या.

अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी सुमारे 200 इंजिनिअर आणि अकाउंटंटना काम कधी आवडलं, कधी नकोसं झालं, ते विचारलं होतं. त्यांचं पुस्तक 1959 चं. नाराजीच्या गोष्टींत कंपनीचे नियम, साहेबाची वागणूक, पगार. आनंदाच्या गोष्टींत मात्र काहीतरी जमल्याचं समाधान, कौतुक, जबाबदारी. म्हणजे पगार कमी असला तर माणूस कुरकुरतो, पण पगार वाढला म्हणून कामात दिल लागेलच असं नाही.

एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर. पुढे पैसे बंद केले, तर मोकळ्या वेळेत हीच मुलं कोड्यांकडे कमी वळली. आधी शौक होता, त्याची मजुरी झाली! डेसी आणि रिचर्ड रायन यांनी नंतर मांडलं की माणसाला तीन गोष्टी लागतात: आपलं आपण ठरवण्याची मुभा, 'मला हे येतं' ही जाणीव आणि सोबतच्यांशी आपलेपणा.

आपल्याकडे बिडीची मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे काम मोजायची आपल्याला सवय. कोडचं तसं नाही. 1982 मध्ये ॲपल कंपनीत प्रोग्रामरांकडून आठवड्याला किती ओळी लिहिल्या याचा फॉर्म भरून घेत. बिल ॲटकिन्सन यांनी एक जुना भाग नव्याने लिहिला. तो जवळपास सहापट वेगाने चालू लागला आणि 2000 ओळी कमी झाल्या. त्यांनी फॉर्मवर लिहिलं, उणे 2000. थोड्याच आठवड्यांत त्यांच्याकडे फॉर्म मागणं बंद झालं.

म्हणून मुलगा घरून काम करताना नुसता स्क्रीनकडे बघत बसलेला दिसला, तर लगेच दुकानात पाठवू नका. डोक्यात जुळवलेला धागा एका हाकेने तुटतो, मग पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या विद्यार्थ्याने मॅनेजरकडून एक लहानसा भाग स्वतःच्या जबाबदारीवर मागून घेतला. पगार तोच. परवा फोनवर त्याबद्दल वीस मिनिटं बोलत होता. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही.