पुस्तकातून पेल्यात : बालसाहित्यावर बेतलेली पेये

आंबट, गोड, कडू, सुगंधी आणि मादक अशा भिन्न गुणांचे घटक ठरावीक प्रमाणात एकत्र करून केलेल्या पेयाला कॉकटेल म्हणतात, आणि त्यातून मद्य वगळले की त्यालाच मॉकटेल हे नाव मिळते. न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने १८०६ साली कॉकटेलची व्याख्या छापली, तेव्हा तीत मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क एवढेच घटक होते. आज पाश्चात्त्य देशांत कादंबऱ्यांवर आणि बालपुस्तकांवर बेतलेली पेयेही केली जातात. त्यांपैकी अनेकांत एखाद्या जुन्याच सरबताला पात्राचे नाव दिलेले असते, आणि एवढ्याने पुस्तकाशी नाते जुळत नाही. पुस्तकात जे घडते ते पेल्यात घडताना दिसले किंवा जिभेला जाणवले, तरच ते पेय त्या पुस्तकाचे म्हणता येते.

लुईस कॅरॉल यांच्या १८६५ सालच्या ॲलिसच्या कथेत एक बाटली आहे. तिच्यातील द्रवाला अननस, कस्टर्ड, टॉफी आणि भाजलेल्या टर्कीपर्यंत अनेक चवी एकाच वेळी आहेत, आणि तो पिताच ॲलिस आकाराने लहान होते. ही कथा भा. रा. भागवत यांनी ‘जाईची नवलकहाणी’ या नावाने मराठीत आणली. त्या सगळ्या चवी एका पेल्यात कोंबण्यापेक्षा त्यातील रूपांतराचे तत्त्व उचलणे अधिक शहाणपणाचे ठरते, आणि त्याला लागणारे साहित्य गावातच मिळते. कुंपणावर चढणाऱ्या गोकर्णाच्या निळ्या पाकळ्या गरम पाण्यात घातल्या की पाणी गडद निळे होते, आणि त्यात लिंबू पिळताच ते जांभळे दिसू लागते. पाकळ्यांतील अँथोसायनिन नावाचे रंगद्रव्य आम्लाच्या संपर्कात आपला रंग बदलते, हे त्याचे कारण होय. त्यातच कोरडा सब्जा घातला, तर काही मिनिटांत फुगून पारदर्शक आवरण धारण करणारे ते बी कथेतील आकारबदलाचीही साक्ष देते. फुले मात्र औषधफवारणी न झालेल्या वेलीचीच घ्यावीत.

भागवतांचाच मानसपुत्र ‘फास्टर फेणे’ पुणे जिल्ह्यातील वाचकांना अधिक जवळचा आहे, कारण बनेश फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा मुलगा आहे, आणि फुरसुंगी हे पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या सोलापूर रस्त्यापासून फारसे दूर नाही. काही अचंबित करणारे दिसले की तो जीभ टाळ्याला लावून ‘ट्टॉक’ असा आवाज काढतो, ही त्याची ओळख मराठी वाचकांच्या पिढ्यांना ठाऊक आहे. तोच आवाज पिणाऱ्याच्या तोंडून आपोआप निघावा असे पेय करायचे, तर चिंचेला पर्याय नाही. चिंचेतील टार्टारिक आम्लाच्या आंबटपणाने माणूस सहज जीभ टाळ्याला लावतो आणि ती सुटताना वाजते. चिंचेचा गाळलेला कोळ आणि किसलेला गूळ समप्रमाणात घेऊन त्यांच्या चौपट थंड पाणी घालावे, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि सैंधव मिसळावे, आणि शेवटी आल्याचा रस इतकाच घालावा की आंबटपणा ओसरल्यावर घशात झणका उठेल. आधी आश्चर्य आणि मागून संकट हा फेणेच्या कथांचा क्रम त्या घोटात उतरतो.

रोआल्ड डाल यांच्या १९८२ सालच्या ‘बी. एफ. जी.’ या कादंबरीतील राक्षस जे पेय आवडीने पितो, त्यातील बुडबुडे वर न जाता खाली जातात. सहसा असे घडत नसले, तरी साध्या सोड्यात मनुका टाकल्या की त्यांच्या सुरकुत्यांवर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे साचतात, त्यांच्या आधाराने मनुका वर येतात आणि बुडबुडे फुटताच पुन्हा बुडतात. मुलांना हा खेळ दाखवावाच.

पुणे जिल्ह्यातील दौंड आणि शिरूर तालुक्यांना अशी पेये करण्यासाठी मोठी अनुकूलता आहे. भीमा आणि घोड नद्यांच्या पाण्यावर येथे ऊस पोसला जातो. पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने त्याच उसावर उभे राहिले, केडगावच्या परिसरात गुऱ्हाळे आहेत, आणि डाळिंबाच्या बागाही या पट्ट्याला नव्या नाहीत. उसाचा ताजा रस पेल्यात ओतून त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूहळू लिंबूपाणी सोडले, तर साखरेमुळे जड असलेला रस तळाशी राहतो आणि दोन थर दिसतात. हा रस विकरांच्या क्रियेने लवकर काळवंडतो, म्हणून तो काढताच वापरावा. रसवंतीवाले त्यात लिंबू पिळतात, त्याने चवीबरोबर रंगही काही काळ टिकतो. मात्र साहित्य हाताशी आहे म्हणून प्रत्येक पुस्तकाला पेय जोडण्याचा हट्ट करू नये. ‘श्यामची आई’ कोकणातील आहे म्हणून तिच्या नावाने कोकम सरबत करणे हा त्या पुस्तकाच्या गांभीर्याशी विसंगत उद्योग ठरेल.

दौंड तालुक्यातील रोटी येथे वाइनरीही आहे, त्यामुळे प्रौढांच्या मेजवानीत हेच प्रयोग वाइन घालून करण्याचा विचार कोणाच्याही मनात येऊ शकतो. महाराष्ट्रात मद्यासाठी वयाची कायदेशीर अट आहे, हे तर आहेच, पण एल. एम. मॉन्टगोमेरी यांच्या १९०८ सालच्या ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ या कादंबरीत रास्पबेरीचे सरबत समजून ॲन आपल्या मैत्रिणीला करंट्सची वाइन पाजते आणि मैत्रिणीची आई काही काळ दोघींची भेट बंद करते, हा प्रसंग अधिक बोलका आहे. बालपुस्तकाच्या नावाचे, रंगीत आणि गोड पेय मुलांना ओढून घेणारच; म्हणून मुले असलेल्या घरात या प्रकारात मद्य घालूच नये, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शाळांनी आणि ग्रंथालयांनी त्या दिवशी एक गोष्ट मुलांना मोठ्याने वाचून दाखवावी, तिचे पेय कसे असावे हे मुलांनाच ठरवू द्यावे, आणि चिंच, गूळ व लिंबू त्यांच्या हाती द्यावे.