घटक ४ : द्वेषपूर्ण टीका आणि तिला द्यावयाचे उत्तर
(ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या निबंधाच्या आधारे)

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणास :
• कठोर टीका आणि द्वेषपूर्ण टीका यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• ‘स्त्रीपुरुषतुलना’ या निबंधामागील प्रसंग व त्यातील युक्तिवादाची रीत सांगता येईल.
• आजच्या सार्वजनिक चर्चेतील द्वेषपूर्ण मजकुराला कसे सामोरे जावे, याचा विचार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एखाद्याच्या मताचे खंडन करणे ही टीका होय. ती कितीही तिखट असली तरी तिचा रोख मतावर किंवा कृतीवर असतो, आणि ज्याच्यावर टीका होते त्याला आपले मत सुधारण्याची किंवा समर्थन करण्याची वाट मोकळी असते. द्वेषपूर्ण टीकेत ही वाट बंद केलेली असते. माणूस काय बोलला वा वागला हे तेथे गौण ठरते. तो कोणत्या जातीचा, धर्माचा, लिंगाचा वा प्रदेशाचा आहे, यावरच निकाल दिला जातो. जन्माने मिळालेली ओळख हाच अपराध ठरवला, की त्यावर खुलासा तरी काय करणार ?

हातातील भ्रमणध्वनीमुळे असा मजकूर आज क्षणात हजारोंपर्यंत पोहोचतो. म्हणून हा प्रश्न अगदी नवा आहे, असा आपला समज होण्याचा संभव आहे. परंतु त्याचे मूळ स्वरूप जुने आहे. त्याला दिलेले एक समर्थ उत्तर सुमारे दीडशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातील बुलढाणा या गावच्या एका स्त्रीने लिहिले. प्रस्तुत घटकात आपण त्या उत्तराचा अभ्यास करणार आहोत.

४.२ एकीचा अपराध आणि सगळ्यांवरील आरोप

१८८१ साली सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला चालला. सत्र न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सुनावली. पुढे मुंबई उच्च न्यायालयात ती सौम्य करण्यात आली. विधवांच्या पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता मिळाली होती, पण उच्चवर्णीय समाजाने तो मनापासून स्वीकारला नव्हता. गरोदर राहिलेल्या विधवेपुढे लोकनिंदा, बहिष्कार किंवा मृत्यू एवढेच मार्ग उरत. हे जाणूनच जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते.

या खटल्याची वृत्तपत्रांतून मोठी चर्चा झाली. ‘पुणेवैभव’ या सनातनी वळणाच्या पत्राने त्या निमित्ताने स्त्रियांच्या नीतिमत्तेवर कडाडून हल्ला चढविला. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. विजयालक्ष्मीच्या कृत्याचा निषेध करणे ही टीका झाली असती. त्या कृत्यावरून समस्त स्त्रीजात दुराचारी ठरविणे हे वेगळे होय. ‘ही अशी वागली’ येथून ‘या सगळ्या अशाच’ येथपर्यंत उडी मारताना मधला पुरावा गाळला जातो. द्वेषपूर्ण लेखनाची सारी ताकद या गाळलेल्या जागेत असते.

ताराबाई शिंदे यांना ही उडी असह्य झाली. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाणा येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. त्यांनी आपल्या मुलीला घरीच शिक्षण दिले. १८८२ साली ताराबाईंचा निबंध पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापून प्रसिद्ध झाला. स्त्री आणि पुरुष यांत अधिक ‘साहसी’ कोण, हे दाखविणे हा आपला हेतू त्यांनी मुखपृष्ठावरच नोंदविला आहे. येथे ‘साहस’ हा शब्द आजच्या ‘धाडस’ या अर्थी नसून, बेदरकार दुष्कृत्य अशा जुन्या अर्थी आहे, याची विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी.

४.३ ताराबाईंच्या उत्तराची रीत

(अ) आरोप नेमका करणे. द्वेषपूर्ण मजकूर धूसर असतो. त्याला तितक्याच धूसर संतापाने उत्तर दिले, तर दोन्ही बाजूंचा केवळ कोलाहल होतो. ताराबाई तसे करीत नाहीत. कपट, अविचार, चंचलपणा अशा, परंपरेने स्त्रियांच्या माथी मारलेल्या दुर्गुणांपैकी एकेक त्या हाती घेतात, आणि हा दुर्गुण पुरुषांत नाही काय, असा प्रश्न प्रत्येक ठिकाणी उपस्थित करतात.

(आ) एकच माप लावणे. पत्नी वारल्यावर पुरुषाने पुन्हा लग्न करावे, पण पती वारल्यावर स्त्रीने आयुष्य अंधारात काढावे, हा न्याय कोणता, असे त्या विचारतात. सत्यवानासाठी सावित्री यमाच्या मागे गेली. बायकोसाठी यमाच्या दारी गेलेला पुरुष कोणी ऐकला आहे काय, हा त्यांचा प्रश्न प्रसिद्ध आहे. या प्रश्नात शिवी नाही. वाचकाला स्वतःच उत्तर द्यावे लागते, आणि तेच त्याला अस्वस्थ करते.

(इ) कृत्यामागील कारण दाखविणे. स्त्री वाट चुकली, तर तिला त्या वाटेवर कोणी नेले, आणि तिला दुसरी वाट कोणी ठेवली नाही, याकडे त्या लक्ष वेधतात. दोष नाकारण्याऐवजी तो ज्या परिस्थितीत घडतो ती परिस्थिती उजेडात आणणे, हे उत्तर केवळ बचावाच्या पलीकडे जाते.

(ई) खरा श्रोता ओळखणे. निबंधात ताराबाई पुरुषांना थेट संबोधून बोलतात. परंतु वृत्तपत्रात निंदा करणाऱ्या लेखकाचे मन पालटेल, एवढ्याच आशेवर असा निबंध उभा राहत नाही. त्या निंदेचा वाचकही हा निबंध वाचणार असतो, आणि ज्या स्त्रीला ती निंदा मुकाट्याने ऐकावी लागली तिच्यापर्यंतही तो पोहोचू शकतो. सार्वजनिक वादात निंदकापेक्षा गप्प बसलेले वाचक संख्येने नेहमीच अधिक असतात. उत्तर त्यांच्यासाठी असते.

ताराबाईंची भाषा मवाळ नाही. उपरोध, घरगुती म्हणी आणि संताप यांनी ती भरलेली आहे. येथे चिकित्सक विद्यार्थ्याला शंका येईल : ‘सगळे पुरुष’ असे म्हणताना त्याही तीच चूक करीत नाहीत काय ? शंका रास्त आहे, आणि काही ठिकाणी लेखणी पुढे धावलेली दिसते. तरी दोहोंत फरक आहे. द्वेष समोरच्याचा माणूस म्हणून असलेला हक्क काढून घेऊ पाहतो. ताराबाई पुरुषांचा कोणताही हक्क काढून घेण्याची मागणी करीत नाहीत. त्या समान न्याय मागतात. संताप आणि द्वेष यांतील सीमारेषा येथे आहे.

४.४ उत्तराची किंमत आणि सोबतीचे मोल

या निबंधाचे स्वागत झाले नाही. त्याची अवहेलना झाली. १८८५ साली जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यांचा उल्लेख त्यांनी मुलीच्या मायेने केला आणि त्यांच्या पुस्तकाची पाठराखण केली. असे असूनही, ताराबाईंचे यानंतरचे दुसरे पुस्तक मराठी वाङ्मयाला मिळाले नाही. निबंधही विस्मृतीत गेला. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो संपादित करून पुन्हा प्रकाशात आणला. म्हणजे मधली सुमारे नव्वद वर्षे मराठी वाचक या लेखनाला मुकला.

द्वेषपूर्ण टीकेमुळे होणारी खरी हानी येथे दिसते. एका व्यक्तीचे मन दुखावते एवढ्यावर ती थांबत नाही. बोलू शकणारे आवाज चर्चेतून निघून जातात, आणि ते निघून गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला नेहमीच पुरेसा नसतो. एकाकी माणसाला दुर्लक्ष करणे परवडत नाही. त्याच्या बाजूने दुसऱ्या कोणी बोलणे आवश्यक असते. फुल्यांचे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध कोणत्या प्रसंगातून लिहिला गेला ?
२. संताप आणि द्वेष यांतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट करा.

४.५ आजचा संदर्भ

‘एकावरून सगळ्यांवर’ ही उडी आज किती घातक ठरू शकते, याचे दुःखद उदाहरण आपल्याच राज्यात घडले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून पसरत होती. पोट भरण्यासाठी गावोगाव फिरणारी ही माणसे केवळ अनोळखी आणि भटकी असल्यामुळे संशयित ठरली. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. यंत्रावर मर्यादा घालता येते. पण संदेश पुढे पाठविण्याआधी अंगठा थांबविणे हे शेवटी वाचकाच्याच हाती असते.

आता एक कल्पित प्रसंग घेऊ. समजा, खामगावच्या बाजारात एका व्यापाऱ्याने सोयाबीनच्या मापात लबाडी केली. गावच्या गटावर मजकूर येतो : ‘त्या समाजाचे लोक असेच, त्यांना गावात पाय ठेवू देऊ नका.’ आपण काय कराल ?

ताराबाईंच्या रीतीने पाहिल्यास प्रथम तक्रार आणि द्वेष वेगळे करावे लागतील. मापातील लबाडी ही खरी तक्रार आहे. ती बाजार समितीकडे न्यावी, असे स्पष्ट लिहावे. दुसरे, गाळलेली जागा दाखवावी : लबाडी एकाने केली, मग शिक्षा सर्वांना का ? तिसरे, एकच माप लावावे : आपल्या समाजातील एखाद्याने लबाडी केली, तर आपण सारे गाव सोडू काय ? एवढे तीन वाक्यांत, शांतपणे लिहून थांबावे. लिहिणाऱ्याने पुन्हा डिवचले, तरी वाद लांबवू नये. जे सांगायचे ते वाचणाऱ्यांपर्यंत पोहोचलेले असते. आणि ज्याच्यावर हल्ला झाला, त्याला स्वतंत्रपणे फोन करून आपण सोबत आहोत हे अवश्य सांगावे.

४.६ कायद्याची चौकट

प्रत्येक मजकुराला उत्तर देणे योग्य नसते. मजकुरात धमकी, पाठलाग किंवा हिंसेची चिथावणी असेल, तर वाद न घालता दिनांक व वेळेसह त्याचे छायाचित्र जपून ठेवावे आणि पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर तक्रार करावी. तो मजकूर ‘बघा काय लिहिले आहे’ म्हणून इतरांना पाठवू नये. त्यामुळे त्याचाच प्रसार होतो. धर्म, जात, भाषा, जन्मस्थान इत्यादी कारणांवरून समाजगटांत वैर वाढविणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ नुसार गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली.

मात्र कायद्याचे शस्त्र उलटही चालू शकते. २०१२ साली पालघरमध्ये फेसबुकवरील एका साध्या मतप्रदर्शनावरून दोन तरुणींना अटक झाली होती. अशा घटनांच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द केले. केवळ न रुचणारे मत आणि चिथावणी यांत न्यायालयाने भेद केला. आपणही तो करावा. ताराबाईंचा निबंधही त्या काळी अनेकांना न रुचणाराच होता, हे विसरून चालणार नाही.

४.७ सारांश

द्वेषपूर्ण टीका एकाच्या कृत्यावरून सबंध समूहावर निकाल देते. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली अशा टीकेला नेमके प्रश्न, समान माप आणि कारणमीमांसा यांच्या बळावर उत्तर दिले. त्यांच्या लेखनाची उपेक्षा झाली, यावरून उत्तर देणाऱ्याला सोबतीची किती गरज असते हे कळते. आजच्या चर्चेत तक्रार व द्वेष वेगळे करणे, गप्प वाचकांसाठी लिहिणे, पीडिताच्या पाठीशी उभे राहणे आणि धमकीच्या प्रसंगी कायद्याची मदत घेणे, हा विवेकाचा मार्ग होय.

स्वाध्याय
१. ताराबाई शिंदे यांच्या युक्तिवादाची वैशिष्ट्ये सोदाहरण लिहा.
२. ‘उत्तर निंदकासाठी नसून गप्प बसलेल्या वाचकांसाठी असते.’ या विधानाची चर्चा करा.

उपक्रम
आपल्या परिचयाच्या एखाद्या सार्वजनिक वादात ‘एकावरून सगळ्यांवर’ ही उडी कोठे घेतली गेली, ते शोधा. व्यक्तींची नावे न लिहिता, त्या विधानाला पाच वाक्यांत उत्तर तयार करा आणि ते संपर्कसत्रात वाचून दाखवा.