आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून?

अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात क्वार्टझसाइट नावाचे एक वाळवंटी गाव आहे. हिवाळा आला की थंड मुलखातील हजारो निवृत्त मंडळी आपापली चाकांवरची घरे घेऊन तेथे मुक्कामाला येतात. मोकळ्या वाळवंटात विजेचा खांब कोठून असणार? टपावर सौर पॅनेल, पोटात बॅटऱ्या आणि बॅटरीच्या १२ व्होल्टचे घरगुती १२० व्होल्ट करून देणारा इन्व्हर्टर, एवढ्यावर संसार!

माझे मेहुणे त्यांतलेच एक. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो, तेव्हा घरात एकच विषय होता: १००० वॅटचा इन्व्हर्टर काढून ३००० वॅटचा बसवायचा. जुन्यावर मायक्रोवेव्ह चालत नसे. मिक्सर तर नुसता कण्हत असे. स्वस्त इन्व्हर्टरची वीज ओबडधोबड असते, मोटारीला ती मानवत नाही. पण खरे कारण निराळेच. वहिनींचा झोपेत श्वास अडतो. नाकाला रात्रभर हवेचे यंत्र लावावे लागते. पहाटे तीनच्या सुमारास इन्व्हर्टर ओरडून बंद पडे आणि वहिनी घाबऱ्याघुबऱ्या उठून बसत.

"मोठा आणला की प्रश्न मिटला, प्राध्यापक!" मेहुणे म्हणाले.

शेजारच्या गाडीत एक म्हातारे इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी कागदावर हिशेब मांडला आणि तो माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरालाही कळला. ३००० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर २५० अँपिअर. मेहुण्यांच्या दोन लिथियम बॅटऱ्या मिळून सतत देऊ शकणार २००. जुन्या बारीक तारांतून एवढा प्रवाह नेला, तर आगीलाच आमंत्रण! शिवाय साठा जेमतेम अडीच युनिटांचा. मोठा इन्व्हर्टर काही न लावता नुसता चालू ठेवला, तरी पंचवीस-तीस वॅट खातो. म्हणजे चोवीस तासांत अर्ध्या युनिटाहून अधिक. ४०० वॅटची पॅनेल डिसेंबरच्या उन्हात दिवसाकाठी देणार एक-सव्वा युनिट. निम्मी मिळकत कारभाऱ्याच्याच पगारात!

अखेर शुद्ध साइन वेव्हचा २००० वॅटचा इन्व्हर्टर आला. तो बॅटरीपासून हातभर अंतरावर बसवला, बोटाएवढ्या जाड तांब्याच्या तारा घातल्या, मध्ये फ्यूज लावला. (त्यापायी वहिनींच्या लोणच्याच्या बरण्यांना पलंगाखालचा कप्पा सोडावा लागला, ते निराळे.) मायक्रोवेव्ह, मिक्सर त्यावर सुरळीत चालू लागले. वहिनींचे यंत्र मात्र त्याला जोडलेच नाही. त्याला थेट १२ व्होल्टवर चालवणारा छोटा अॅडॉप्टर मिळतो, तो आणला. यंत्रातील पाणी तापवण्याची सोय बंद केली आणि निजताना इन्व्हर्टरही.

दुसऱ्या दिवशी वहिनी चांगली उन्हे वर आल्यावर उठल्या. मेहुणे मात्र पहाटे तीनलाच सवयीने उठून बॅटरीचा आकडा पाहत बसले होते.