पायवाटेवर सायकल आली तर

बोदवडसारख्या नगरपंचायतीच्या गावात झाडांच्या सावलीतली, गाड्यांना बंदी असलेली वाट हवी म्हटलं, की चर्चा जागेवर येऊन थांबते. पण वाट झाल्यावर भांडणं होतात ती वेगळ्याच गोष्टीवरून. पायी जाणाऱ्यांनी कुठून चालायचं आणि सायकलवाल्यांनी कुठून जायचं?

इंग्लंडमधली ब्रिस्टल ते बाथ ही सुमारे 21 किलोमीटरची वाट बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर 1979 ते 1986 या काळात झाली. आपली पाचोरा-जामनेर नॅरोगेज 2020 मध्ये थांबली, तेव्हा कुणाच्या मनात तशी वाट आली असेल तर नवल नाही. पण हा मार्ग ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत आणायचा आहे, आणि खान्देशाला रेल्वेच जास्त गरजेची आहे. ब्रिस्टलकडून शिकायचं ते दुसरंच. तिथली वाट जेमतेम तीन मीटर रुंद. ती लोकांना आवडली, गर्दी वाढली, आणि कामावर घाईने निघालेले सायकलस्वार व पोराबाळांना घेऊन रमतगमत चालणारे यांच्यात खटके उडू लागले.

कारण वेगात आहे. चालणारा माणूस सेकंदाला साधारण सव्वा ते दीड मीटर पुढे जातो. ताशी 15 किलोमीटरने येणारी सायकल तेवढ्याच वेळात चार मीटर, आणि 25 च्या वेगाने आली तर सात मीटर कापते. शिवाय तिचा आवाज नाही. अगदी पाठीशी येऊन घंटी वाजवली तर म्हातारा माणूस दचकून नेमका सायकलीपुढेच सरकतो. घंटी दहा-पंधरा मीटर आधी वाजवावी आणि पुढच्याने ऐकली नसेल असं धरून वेग कमी करावा. ब्रिटनने 2022 मध्ये रस्त्याची नियमावली सुधारली, तेव्हा सामायिक वाटेवर सायकलस्वाराने पायी जाणाऱ्याला आधी जाऊ द्यावं, हे स्पष्ट लिहिलं. मला हा नियम पूर्ण पटतो. ज्याच्यामुळे इजा होण्याची शक्यता जास्त, त्याने जास्त जपायचं.

नुसता पांढरा पट्टा मारून मात्र भागत नाही. चौघी बोलत निघाल्या की पट्टा ओलांडला जातो आणि त्यात त्यांची काही चूक नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार पदपथावर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी. सायकलीची जागा त्याशिवाय निराळी. पुण्यात कित्येक सायकल ट्रॅक पदपथाला लागून काढले. त्यांवर आज दुचाक्या उभ्या दिसतात, हातगाड्या लागतात, आणि सायकलवाला पुन्हा मुख्य रस्त्यावर येतो. जागा पुरेशी असेल तर दोन वाटा वेगळ्या कराव्यात, मध्ये झाडांची ओळ ठेवावी. नसेल तर वाट एकच ठेवून वेग कमी राखावा.

बोदवडला सायकल म्हणजे रविवारचा शौक नव्हे. शाळेला जाणाऱ्या मुली, किटल्या अडकवून निघालेला दूधवाला, शेतावर जाणारा मजूर यांचं ते रोजचं वाहन आहे. राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, त्या शाळेत पोचण्यासाठी. त्यामुळे चालणाऱ्यांच्या सोयीसाठी सायकलीच बंद करा, हा तोडगा इथे अन्यायाचा ठरेल. अडवायची ती मोटारसायकल. पण वाटेच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांतून सायकल जाते तशी मोटारसायकलही जाते, आणि ती अडावी म्हणून अडसर अरुंद केला तर किटल्यांची सायकल आणि व्हीलचेअर आधी अडकते. खांबांपेक्षा निदान सुरुवातीचे काही महिने तिथे उभा राहणारा माणूस जास्त उपयोगी.

आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पातळ काँक्रीट टाकलं तर तडे जाणारच, आणि तड्यात सायकलीचं चाक अडकतं. खाली मुरमाचा चांगला भराव हवा. चालायच्या भागावर दाबलेला मुरूम पुरे, गुडघ्यांनाही तोच बरा. सायकलीच्या भागाला तेवढा गुळगुळीत थर द्यावा. निंबाची झाडं वाटेच्या पश्चिमेला लावावीत, म्हणजे शाळा सुटायच्या वेळी सावली वाटेवर पडेल. ती वाढायला वर्षं लागतात, म्हणून फरसबंदीची निविदा निघण्याआधीच्या पावसाळ्यात खड्डे खणून रोपं लागलेली असावीत.